बबनमामांची सासुरवाडी आणि दौंडचा नवा बोर्ड

“मॅडम, तुमचा बोर्ड आमच्या ड्रायव्हरची बदनामी करतोय. तेवढं जरा बघा.”

फोनवर दौंड डेपोचे मॅनेजर जगताप साहेब होते. मी भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एक सर्किट उघडून बसले होते. बोर्ड बंद पडला, अक्षरं उडाली, आत पाणी शिरलं, अशा तक्रारी मी पुष्कळ ऐकल्या होत्या. बदनामीची ही पहिलीच.

“काय चुकीचं दाखवतोय?”

“चुकीचं कुठे? बरोबर दाखवतोय. तीच तर तक्रार आहे.”

ईरा, कबीर, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं तुमच्या स्टॉपवरच्या बोर्डाला नावं ठेवत होतात. दोन मिनिटं म्हणतो आणि दहा लावतो, म्हणून. तुमच्या आजीने नोकरीची शेवटची वर्षं असले बोर्ड लावण्यात घालवली, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. म्हणून त्यातली एक हकीकत क्रमाने लिहिते. मराठीतच लिहिते. अडलं तर आईला विचारा. तिला अडलं तर मला फोन करा.

आमची कंपनी लहान, पंधराएक माणसांची. गावोगाव मोबाइल नुकते पोचत होते त्या सुमाराला शिरूर आणि दौंड या दोन बसस्टँडांवरचे जुने बोर्ड काढून नवे बसवायचं काम आम्हाला मिळालं. आधी दोनच स्टँड, महिनाभर ट्रायल. महिन्याच्या शेवटी पुण्याहून मोठे साहेब येऊन बघणार, आणि त्यांनी सही केली तर पुढच्या सगळ्या स्टँडांचं काम आमचं.

जुने बोर्ड लाल दिव्यांचे होते. निम्मे दिवे गेलेले. शिरूरच्या बोर्डाच्या पेटीत कबुतरांनी दोन पिढ्या वाढवल्या होत्या. पेटी खाली उतरवली तेव्हा कबुतरं आमच्यावर केस करतील अशा नजरेने बघत होती. त्या बोर्डांना बातमी मिळायची टेलिफोनवरून. शिरूरहून गाडी सुटली की तिथला कंट्रोलर दौंडला फोन करून सांगायचा, “निघाली.” मधे चौफुल्याहून दुसरा फोन यायचा, “गेली.” कंट्रोलर म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा बघणारा आणि माईकवरून पुकारणारा माणूस. दौंडच्या खिडकीत आप्पा होते. ते दोन बोटांनी कीबोर्ड बडवून बोर्डावर अंदाजे वेळ टाकायचे. “निघाली” असा फोन येतो तेव्हा ड्रायव्हर चहा पीत असतो हे आप्पांना ठाऊक होतं, म्हणून ते मनाने थोडी वेळ वाढवायचे. आप्पा वाढवतात हे प्रवाशांना ठाऊक होतं, म्हणून ते थोडी कमी धरायचे. अशी सगळ्यांनी मिळून बेरीज-वजाबाकी केली की गाडी साधारण वेळेवर यायची.

नव्या पद्धतीत हे सगळं बंद झालं. प्रत्येक गाडीत आम्ही एक डबी बसवली. ती उपग्रहाकडून आपली जागा ओळखते आणि आतल्या सिमकार्डावरून आमच्या कॉम्प्युटरला कळवते. कॉम्प्युटर अंतर आणि वेग बघून हिशेब करतो आणि बोर्डावर तीन गोष्टी येतात. कोणती गाडी, आत्ता कुठे, आणि यायला किती मिनिटं. गाडी कुठे आहे हे आता कोणाला विचारावं लागत नव्हतं.

घोळ इथेच झाला.

सकाळी शिरूरहून एक गाडी दौंडला यायची. न्हावरे, पारगाव, केडगाव, चौफुला, पाटस असा रस्ता. तीच गाडी दौंडहून उलटी शिरूरला जायची, त्यामुळे शिरूरकडे जाणारे लोक दौंडच्या स्टँडवर तिची वाट बघत उभे असत. पूर्वी चौफुल्याचा फोन येईपर्यंत त्यांना काहीच कळत नसे. आता त्यांच्यासमोर सिनेमाच चालू झाला. गाडी पारगाव सोडून थोडी पुढे यायची, बोर्डावर ‘पन्नास मिनिटे’ दिसायचं आणि आकडा तिथेच अडायचा. मग एकावन्न. मग बावन्न. त्यानंतर गाडी हलायची. रोज तिथेच, रोज तसंच.

आता पारगावलाच ड्रायव्हर बबनमामांची सासुरवाडी होती. एवढं दौंडकरांना पुरलं.

“आज सकाळी एकाने ओरडून सांगितलं, एकावन्न झालं, पोहे आले,” जगताप साहेब फोनवर म्हणाले. “दुसरा म्हणाला, बावन्न होऊ दे, मग भजी. रोज शंभर माणूस हसतंय. बबन गाडी घेऊन आत आला की ‘या जावईबापू’ म्हणून टाळ्या वाजवतात.”

“मग त्यांना थांबू नका म्हणून सांगा.”

“ते सांगीन. पण तुमच्या मशीनचा रोजचा रिपोर्ट पुण्याला जातो ना? त्यात लाल अक्षरात ‘अनधिकृत थांबा’ येतंय. मोठे साहेब सोमवारी येणार. मला बबनला मेमो द्यावा लागेल. मग त्याची बदली.”

“खरोखरच थांबत असतील तर द्यायला हवा.”

“तो थांबतो की तुमचं मशीन चुकतंय, हे आधी लेखी द्या. त्याशिवाय मी मेमो देणार नाही. चांगला ड्रायव्हर आहे हो.”

म्हणजे सही माझी लागणार होती. मशीन बरोबर आहे असं लिहिलं तर बबनमामांची बदली. मशीन चुकतंय असं लिहिलं तर ट्रायल नापास.

आमचे मालक साने. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण बॉस. त्यांनी तोडगा चहा संपायच्या आत काढला.

“मॅडम, सोपं आहे. गाडी थांबली तरी बोर्डावरचा आकडा हळूहळू कमी करत राहायचं. सॉफ्टवेअरमध्ये चार ओळी. रिपोर्टातही दिसणार नाही. क्लायंट खूश, ड्रायव्हर खूश, मी खूश.”

“आणि स्टँडवर उभे असलेले लोक?”

“त्यांना आधी तरी कुठे खरं कळत होतं?”

“मग जुनाच बोर्ड पुसून परत लावू या. कबुतरांचीही सोय होईल.”

साने हसले, पण नाराज झाले. मी म्हटलं, मला एक दिवस द्या, मी त्या गाडीत बसून येते. आपलं मशीन बरोबर आहे याची मला खात्री होती. खरं सांगायचं तर बबनमामांची बाजू घ्यायचा माझा मुळीच विचार नव्हता. मी कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली. सकाळच्या घंटेनंतर फाटकाबाहेर उभं राहिलेल्यांना आत घेत नाहीत, हे मी सहाव्या वर्षी शिकले होते.

घरी तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली न ठेवता विचारलं, “माणूस सासुरवाडीला रोज थांबतो? स्वखुशीने?”

शंका तांत्रिकदृष्ट्या रास्त होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघाले. कोरेगाव भीमाच्या पुढे कुठेतरी उजाडलं. शिरूरच्या स्टँडवर उतरून दौंडच्या गाडीत चढले. हातात जागा दाखवणारं छोटं यंत्र, पर्समध्ये थर्मास. कंडक्टर सुरेखाबाई म्हणून होत्या. ठसठशीत कुंकू, आवाज मागच्या काचेपर्यंत पोचणारा.

“बाई, हितं पुढं बसा. मागं हाडं खिळखिळी व्हत्यात.” मग माझ्या हातातल्या यंत्राकडे बघून म्हणाल्या, “तुमी बोर्डवाल्या बाई व्हय?”

“हो.”

“आवं मामा,” त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, “तुमची सासुरवाडी बघाया पुन्याहून पावनी आलीया.”

बबनमामांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. पन्नाशीचा, शांत चेहऱ्याचा माणूस. “येऊ द्या की,” एवढंच म्हणाले. डबल बेल झाली आणि गाडी सुटली. डबल बेल म्हणजे कंडक्टरने दोरी दोनदा ओढायची. ‘चला’ असा त्याचा अर्थ.

न्हावऱ्यापर्यंत गाडी भरली. पारगावच्या थांब्यावर दुधाचे रिकामे कॅन चढले, दोन म्हातारे चढले, कोणी उतरलं. सगळं वेळेत. गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना ऊस, डावीकडे लांबवर नदी. बबनमामांनी वेग कमी केला आणि तीन लांब हॉर्न दिले. समोर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग गाडी एका जॅकवेलच्या वळणावर बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. जॅकवेल म्हणजे नदीचं पाणी उपसून शेताला द्यायची मोठी गोल विहीर. शेजारी पंपाची खोली असते.

इथे एक नियम सांगते. साध्या गाडीला रस्त्यात कोणी हात दाखवला तर थांबायची मुभा होती. पण हात दाखवायला माणूस तर हवा. इथे कोणीच नव्हतं. मशीन बरोबर होतं. मी वेळ टिपली.

आश्चर्य म्हणजे गाडीत कोणी कुरकुरलं नाही. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने खिशातून शेंगा काढल्या आणि चार माझ्या हातावर ठेवल्या. मागे एकाने तंबाखू मळायला घेतली. दोघं खाली उतरून उसाकडे तोंड करून उभे राहिले. एकंदर सगळ्यांचा दिनक्रम ठरलेला होता.

“कशासाठी थांबलोय?” मी सुरेखाबाईंना विचारलं.

“जरा दम धरा. कळंल.”

शेजारचे म्हातारे खिडकीतून वाकून बघत होते. “आल्या का गं सुरेखा?”

“दोघी निघाल्यात, आबा. तिसरी येनी घालतीया चालता चालता.”

“आन् ती बारकी?”

“तिचं काय विचारता? ती चपला हुडकत आसंल.”

मी वाकून पाहिलं. उसाच्या दोन फडांमधून एक पायवाट येत होती. तिच्या दुसऱ्या टोकाला पंधरा-वीस घरांची वस्ती आणि लहानसा बुद्धविहार. त्या वाटेने चार मुली येत होत्या, दप्तरं छातीशी धरून. सगळ्यात मागची पळत होती आणि पळता पळता भाकरी खात होती. चौघी चढल्या. शेवटचीने दार लावलं.

“रोज तुझ्यापायी मामांना मेमो मिळायची पाळी,” सुरेखाबाई तिला म्हणाल्या.

“म्या काय केलं? म्हशीनं दावं तोडलं.”

“काल बी म्हशीनंच तोडलं हुतं.”

“म्हैसच तसली हाय.”

गाडी हसली. डबल बेल झाली. माझ्या यंत्रात आठ मिनिटं भरली होती.

“आणि सासुरवाडी?” मी विचारलं.

सुरेखाबाईंनी उलट्या दिशेला हात केला. “ती तिकडं, गावाच्या पल्याड. आवं, सासूनं यांना आजवर धड चा पाजला न्हाई. लगनातल्या घड्याळावरनं भांडान हाय, आजून मिटलं न्हाई.”

मी पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभी राहिले. म्हटलं, “मामा, या मुलींनी आधीच रस्त्यावर येऊन उभं राहिलं तर तुम्हाला थांबावं लागणार नाही.”

“त्यांच्या घरच्यांची अट हाय, बाई. पोरींनी रस्त्यावर उभं ऱ्हायाचं न्हाई. कारखान्याचे ट्रॅक्टर जात्यात, वर बसलेली टवाळ पोरं काय बी बोलत्यात. एकदा हातातलं दप्तर वढलं एकीचं. तवापासनं हॉर्न ऐकू आला तरच घरातनं निघायचं, आसं ठरलंय. मागं पारगावच्या थांब्यावर चालत जा म्हनावं, तर तोच रस्ता, त्येच ट्रॅक्टर.”

“मग हे डेपोत सांगायचं ना. लोक तुम्हाला जावईबापू म्हणून हसतात ते कशाला ऐकून घेता?”

बबनमामांनी गिअर बदलला, खड्डा चुकवला, मग बोलले. “एका वस्तीसाठी थांबतो म्हनलं तर वाटंतल्या समद्या वस्त्या हात करत्यात. कुनाकुनाला न्हाई म्हनू? सासुरवाडीला थांबतो म्हनलं की लोक हसत्यात आन् गप ऱ्हात्यात. सासुरवाडी माणसाला एकच आसती.”

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हा मुद्दा आला नव्हता.

मी जागेवर येऊन बसले, तर भाकरीवाली मुलगी समोर उभी. तिचं नाव वैशाली. अकरावीत होती.

“मॅडम, तुमच्या बोर्डामुळं गाडी थांबायची बंद हुनार का?”

“कोणी सांगितलं?”

“कालिजात पोरं म्हनत्यात.”

“आणि बंद झाली तर?”

“मग माझी आज्जी म्हनती, पुरं झालं शिक्षान.” तिने हे अगदी सहज सांगितलं. मग म्हणाली, “ती तशी कवापासनं टपलीया. तुमी निमित्त.”

केडगाव गेलं, चौफुला गेलं. मी थर्मासमधला चहा ओतला आणि तो थंड होईपर्यंत हातात धरून बसले. चार मुलींनी हॉर्न ऐकायचा आणि मगच घरातून निघायचं. आमच्या बोर्डाचा सगळा खटाटोप नेमका एवढ्याचसाठी होता, माणसाला रस्त्यावर ताटकळायला लागू नये म्हणून. आम्ही त्यासाठी उपग्रह वापरत होतो. बबनमामा हॉर्नवर भागवत होते. आणि आमचा उपग्रह त्यांचा हॉर्न बंद पाडणार होता.

दौंडला गाडी आत शिरली तेव्हा टाळ्या वाजल्याच. “या जावईबापू! आज काय, शिरा?” बबनमामांनी खिडकीतून हात हलवला. “तूप कमी हुतं,” म्हणाले, आणि चहाला गेले.

मी थेट जगताप साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि पाहिलं ते सांगितलं. ते ऐकताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

“हे मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले.

दारात आप्पा उभे होते. “समद्या दौंडला म्हाईत न्हाई, साहेब. बबन्या बोलला न्हाई कुनाला.”

“पण मॅडम, मी काय करू? थांबा मंजूर नाही. साहेब सोमवारी रिपोर्ट बघणार.”

मी कागदावर रस्त्याची रेघ काढली आणि तिच्यावर वर्तुळं काढली. “हे बघा. मशीनला चांगलं-वाईट कळत नाही. प्रत्येक थांब्याभोवती आम्ही नकाशावर असं एक वर्तुळ काढतो. गाडी वर्तुळात थांबली तर मशीन म्हणतं ड्युटी. बाहेर थांबली तर मशीन म्हणतं गैरवर्तन. फरक फक्त वर्तुळाचा.”

“मग काढा की एक वर्तुळ जॅकवेलला!”

“वर्तुळ मी काढते. पण थांब्यांची यादी डेपोने द्यायची असते. यादीत नाही ते मी काढणार नाही.”

“यादीत घालायचं म्हणजे प्रस्ताव, सर्व्हे, गावचा ठराव, पुण्याची मंजुरी. बबन रिटायर होईल तोवर.”

“मग मला रिपोर्टात दोन गोष्टी लिहाव्या लागतील. एक, मशीन बरोबर आहे, गाडी तिथे रोज थांबते. दोन, गाडी जिथे रोज थांबते ती जागा डेपोने दिलेल्या यादीत नव्हती, म्हणून बोर्डाचा हिशेब चुकला.”

जगताप साहेब सावध झाले. “यादी कोणी दिली होती?”

“तुमची सही आहे.”

त्यांनी यादीची फाईल उघडली, सही पाहिली आणि मिटली.

“तिसरं काही लिहिता येत नाही का?”

“मशीन चुकतंय, असं? ते सानेसाहेब लिहून देतील. मी देणार नाही.”

“तुम्ही फार सरळ आहात, मॅडम. फार त्रास होतो सरळ माणसांचा.” त्यांनी चहा मागवला. मग खुर्ची मागे ढकलून कपाटाकडे बघत बसले. एकाएकी म्हणाले, “आप्पा, विनंती थांबा देता येतो ना मला?”

विनंती थांबा म्हणजे जिथे गाडी नेहमी थांबत नाही, प्रवाशांनी विनंती केली तरच थांबते, अशी जागा. पक्क्या थांब्यापेक्षा त्याला कागद कमी लागतात.

“देता यीत आसंल साहेब, पर त्यो बी पुण्याला कळवाया लागतो.”

“तात्पुरता दिला तर?”

आप्पांचा चेहरा उजळला. “तात्पुरत्याला कोन इचारतंय?”

जगताप साहेबांनी तिथल्या तिथे लिहिलं. ‘विद्यार्थिनींच्या सोयीसाठी तात्पुरता विनंती थांबा.’ शिक्का मारला. माझ्या हातात देताना थबकले. “बोर्डावर नाव काय टाकाल?”

“तुम्ही सांगाल ते.”

“सासुरवाडी सोडून काहीही.”

अशा रीतीने ‘जॅकवेल’ हा थांबा जन्माला आला. मी वर्तुळ काढलं आणि तिथला आठ मिनिटांचा मुक्काम हिशेबात धरला. म्हणजे बोर्ड आता सुरुवातीपासूनच ती आठ मिनिटं मोजून वेळ सांगणार होता. सानेंना फोन केला. ते म्हणाले, “माझ्या चार ओळींपेक्षा हे जास्त काम झालं, मॅडम.” मी म्हटलं, हो.

सोमवारी मोठे साहेब आले. सफारी सूट, हातात रुमाल, मागे दोन माणसं. बोर्डासमोर उभे राहिले. साने त्यांच्या उजव्या हाताला, मी डाव्या. जगताप साहेब मागे, घामाघूम. शिरूरचे प्रवासी नेहमीप्रमाणे जमलेले, पण आज कोणी बोलत नव्हतं. आप्पांनी माईकवरून आधीच बजावलं होतं की पाहुणे आहेत, फाजीलपणा करू नये.

बोर्डावर ‘जॅकवेल, विनंती थांबा’ अशी अक्षरं आली. मिनिटं शांतपणे उतरत राहिली. गर्दीतून कोणाला तरी राहवलं नाही.

“आरं, आज सासुरवाडी कुठं गेली?”

“काय म्हणाला तो?” साहेबांनी विचारलं.

“घरचं कायतरी बोलत्यात, साहेब,” आप्पा खिडकीतून म्हणाले.

साहेब बोर्डाकडे बघतच होते. हुशार माणूस होता. “विनंती थांब्यावर गाडी किती वेळ थांबते? अर्धा मिनिट? ही तर हलत नाहीये.”

जगताप साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सानेंनी जमिनीकडे पाहिलं. मी ठरवलं की जसं आहे तसं सांगायचं.

“साहेब, तिथल्या मुलींनी रस्त्यावर उभं राहायचं नाही अशी अट आहे. गाडी हॉर्न देते, मग त्या घरातून निघतात.”

“अट कोणाची?”

“घरच्यांची.”

“म्हणजे प्रवासी गाडीची वाट बघत नाहीत. गाडी प्रवाशांची वाट बघते?”

“हो साहेब.”

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. “आणि ती वेळ बोर्डाने धरली आहे?”

“धरली आहे. बोर्ड म्हणतोय त्याच मिनिटाला गाडी फाटकातून आत येईल.”

“बघू.”

पाऊण तासापेक्षा जास्त आम्ही तिथेच उभे होतो. साहेबांनी खुर्ची नाकारली, म्हणून कोणालाच बसता येईना. ‘पाटस’ आलं. दहा मिनिटं. पाच. दोन. बोर्डावर ‘आगमन’ आलं आणि फाटकात काहीच दिसेना. सानेंनी डोळे मिटले. मग भोंगा ऐकू आला. फाटकातच कांद्याचा टेम्पो आडवा झाला होता. त्याच्यामागे आमची गाडी थांबलेली. आप्पांनी माईकवरून टेम्पोवाल्याच्या घराण्याची चौकशी केली, तो हलला, आणि गाडी आत आली.

साहेबांनी बोर्डाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. “टेम्पो तुमच्या हिशेबात नव्हता.”

“नाही साहेब. तो यादीत नाही.”

पहिल्यांदाच ते हसले. “मी बोर्ड बघायला आलोय. बोर्ड बरोबर आहे. गाडी कुठे आणि का थांबते ते जगताप बघतील.” त्यांनी तिथेच, सानेंच्या पाठीवर कागद ठेवून सही केली.

मुली उतरत होत्या. वैशाली शेवटी. ती माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, “मॅडम, मग थांबनार का गाडी?”

“बोर्डावर वाच.”

तिने मान वर करून वाचलं. गाडी आता उलटी शिरूरला जाणार होती, तिच्या थांब्यांची नावं बोर्डावर सरकत होती. ‘जॅकवेल’ हे अक्षर न् अक्षर तिने ओठ हलवत वाचलं आणि म्हणाली, “आज्जीला सांगते. तिला वाचता येत न्हाई, पर सांगते.” आणि पळाली.

आता पुढचं सांगते, कारण अर्धी गोष्ट सांगायची नसते.

बबनमामा म्हणाले होते तेच झालं. जॅकवेलला सरकारी थांबा झाला ही बातमी उसाच्या फडांतून वाऱ्यासारखी गेली, आणि एकेक वस्ती जगताप साहेबांच्या केबिनमध्ये येऊन उभी राहिली. त्यांना थांबा, मग आम्हाला का नाही, हा प्रश्न. जगताप साहेबांना नाही म्हणता येईना. त्या रस्त्यावर आणखी तीन तात्पुरते थांबे झाले. गाडी पूर्वीपेक्षा उशिरा येऊ लागली. पण किती उशिरा येणार ते आता अगदी अचूक कळत होतं, आणि त्याबद्दल आमच्या कंपनीचं कौतुक झालं.

बबनमामांच्या सासूबाईंच्या कानावर असं गेलं की जावयाच्या सासुरवाडीमुळे सरकारने थांबा दिला. त्यांनी घड्याळाचं भांडण मिटवून त्यांना जेवायला बोलावलं. सुरेखाबाईंनी मला फोन करून कळवलं. “पुरनपोळी केली हुती, बाई. मामा म्हनले, बोर्डाम्होरच्या लोकांचं म्हननं खरं झालं.”

चौघी मुली बारावी पास झाल्या असं लिहायला मला आवडलं असतं. तिघी झाल्या. वैशाली इंग्रजीत गेली. ऑक्टोबरला परत बसली आणि सुटली. गाडी थांबते, इंग्रजीचा पेपर थांबत नाही.

आमचे ते बोर्डही पुढे जुने झाले. मी निवृत्त झाल्यावर दुसऱ्या कोणत्या कंपनीने ते काढून त्यांचे लावले. त्यांच्या इंजिनिअरने काही शंका विचारायला मला फोन केला होता. चुणचुणीत मुलगा. म्हणाला, मॅडम, यादीत जॅकवेल नावाचा एक तात्पुरता थांबा आहे, काढून टाकू का?

मी विचारलं, “डेपो काय म्हणतो?”

“डेपो म्हणतो, तो कायम तात्पुरता आहे, हात लावू नका.”

तेव्हा मुलांनो, बोर्ड बदलतात, साहेब बदलतात, कंपन्या बुडतात. एखादी गोष्ट आपल्याकडे खरोखर टिकवायची असेल तर ती कागदावर घालावी, आणि शेजारी लिहावं, तात्पुरती.